एका सेंटचा शंभरावा भाग

अमेरिकेतल्या किराणा कुपनाच्या तळाशी, चष्मा लावूनही डोळे बारीक करावे लागतील इतक्या लहान अक्षरांत, एक ओळ छापलेली असते: रोख मूल्य एका सेंटचा शंभरावा भाग. वर ठसठशीत अक्षरांत ‘एक डॉलर वाचवा’, शेजारी नाश्त्याच्या खोक्याचं चित्र, कडेनं कात्रीसाठी तुटक रेघ, मुदतीची तारीख, बारकोड, आणि सगळ्यात खाली ही ओळ. हिशेब केला तर दहा हजार कुपनं गोळा करून नेल्यावर एक डॉलर हातात पडेल. एवढा खटाटोप कोणी करणार नाही हे छापणाऱ्यालाही ठाऊक आहे. तरी ती ओळ पिढ्यान्‌पिढ्या छापली जाते आहे.

तिचं मूळ एका जुन्या तिकिटात आहे. १८९६ साली स्पेरी अँड हचिन्सन नावाची कंपनी निघाली आणि तिनं दुकानदारांना हिरवी तिकिटं विकायला सुरुवात केली. गिऱ्हाइकानं दहा सेंटचा माल घेतला की दुकानदार त्याला एक तिकीट देई. घरी बायका-मुलं ती जिभेनं ओली करून वहीत चिकटवत. वहीला चोवीस पानं, पानावर पन्नास तिकिटं. बाराशे झाली की वही भरली. भरलेल्या वह्या देऊन टोस्टर, टेबलावरचा दिवा, चादरी असं काहीबाही मिळे. १९६०च्या दशकात हे वेड इतकं वाढलं, की टपाल खात्याच्या तिकिटांच्या तिप्पट तिकिटं आपण छापतो, असं ही कंपनी सांगत असे. चित्रकार अँडी वॉरहॉलनं १९६२ मध्ये या तिकिटांच्याच ओळीच्या ओळी रंगवल्या.

काही राज्यांतल्या आमदारांना मात्र यात गिऱ्हाइकाची फसवणूक दिसली. वही भरलीच नाही तर त्या तिकिटांचं काय? म्हणून त्यांनी कायदा केला, की अशा प्रत्येक कागदाला काहीतरी रोख मूल्य असलंच पाहिजे. कुपनही याच व्याख्येत सापडलं. कंपन्यांनी कायदा मुकाट्यानं पाळला: मूल्य ठेवलं, फक्त कल्पना करता येईल तितकं लहान.

हे कुपन गल्ल्यावर दिलं की गिऱ्हाइकाच्या दृष्टीनं गोष्ट संपते. कागदाचा प्रवास तिथून सुरू होतो. ‘एक डॉलर’ दुकानानं सोडला, पण सूट दिली होती खोका बनवणाऱ्या कंपनीनं. म्हणजे दुकानाला तो डॉलर कंपनीकडून परत मिळायला हवा. दुकान दिवसभराची कुपनं गोळा करून मुख्य कचेरीत पाठवतं. तिथून ती पोत्यांनी, खोक्यांनी निपटारा केंद्रात जातात. यांतली कित्येक केंद्रं मजुरी स्वस्त म्हणून सीमेपलीकडे मेक्सिकोत निघाली. तिथे कामगार कुपनं सुटी करतात, कंपनीवार लावतात, स्कॅन करतात, फाटकी आणि चुरगळलेली हातानं बाजूला काढतात. मग प्रत्येक कंपनीच्या नावानं बिल निघतं: कुपनावरची रक्कम, अधिक हाताळणीचे आठ सेंट. हे आठ सेंटही कुपनाच्या त्या बारीक मजकुरातच लिहिलेले असतात, दुकानदारासाठी. ओहायोतल्या एखाद्या आजीनं रविवारी सकाळी स्वयंपाकघरातल्या टेबलावर कापलेला कागद काही आठवड्यांनी मेक्सिकोतल्या एखाद्या मुलीच्या बोटांखालून जातो, तो केवळ एका डॉलरची जमाखर्चाची नोंद पुरी व्हावी म्हणून.

आता अडाण्यासारखा वाटणारा, पण खरा प्रश्न. कंपनीला खोका एक डॉलरनं स्वस्त विकायचाच होता, तर किंमतच एक डॉलरनं का उतरवली नाही? छपाई वाचली असती, वर्तमानपत्रातल्या पुरवणीचा खर्च वाचला असता, मेक्सिकोची वारी वाचली असती.

सुरुवातीच्या कुपनांना हा प्रश्न लागू नव्हता. १८८०च्या दशकाच्या अखेरीस अटलांटात कोका-कोलानं वाटलेलं कुपन एका ग्लासभर पेयाचं होतं, अगदी फुकट. लोकांनी पहिला घोट घ्यावा एवढाच हेतू. कंपनीच्याच सांगण्यानुसार १८९४ ते १९१३ या काळात असे सुमारे ८५ लाख ग्लास वाटले गेले. नवा माल चाखायला देणं हे आपल्याकडच्या फरसाणवाल्यालाही कळतं. पण ज्या साबणाला, ज्या कॉफीला घरातली तिसरी पिढी ओळखते, त्यांच्यासाठी दर रविवारी कुपन कशाला?

याचं उत्तर चक्रवर्ती नरसिंहन या मार्केटिंगच्या अभ्यासकानं १९८४ मध्ये ‘मार्केटिंग सायन्स’ या नियतकालिकात मांडलं, आणि ते वाचल्यावर कुपनाकडे पूर्वीच्या नजरेनं बघता येत नाही. कुपनाचा त्रास हा कुपनाचा दोष नाही. तो त्रासच सगळं काम करतो. कापा, जपून ठेवा, मुदत सांभाळा, आठवणीनं पर्समध्ये टाका, गल्ल्यावर मागे रांग खोळंबलेली असताना शोधून काढा. हे कोण करेल? ज्याला त्या एका डॉलरची किंमत स्वतःच्या वीस मिनिटांपेक्षा जास्त वाटते तो. बाकीचे खोका उचलतात आणि निघतात.

समजा खोका चार डॉलरचा आहे. एकजण चारला आनंदानं घेतो. दुसरी तीनच्या वर एक सेंट देणार नाही. चार म्हटलं की शेजारचा खोका उचलेल. किंमत चार ठेवली तर दुसरी जाते, तीन केली तर पहिल्याकडून मिळणारा डॉलर जातो. दुकानदारानं ‘तुम्ही किती देऊ शकता?’ असं विचारलं तर दोघंही तीनच म्हणतील. आपला भाजीवाला हा प्रश्न गिऱ्हाइकाचे कपडे, गाडी आणि बोलणं बघून सोडवतो, घासाघीस करून नक्की करतो. चार हजार दुकानांतल्या फळ्यांवर माल ठेवणाऱ्या कंपनीला प्रत्येकाशी घासाघीस करता येत नाही. म्हणून ती कागदाची चाळणी लावते: ज्याला खरंच फरक पडतो तो स्वतःहून खाली पडतो, बाकीचे वर राहतात, आणि कोणालाही काही विचारावं लागत नाही. चाळणी किती बारीक आहे म्हणाल, तर अमेरिकेत छापल्या गेलेल्या शंभर कुपनांतलं जेमतेम एखादंच गल्ल्यापर्यंत पोचतं. उरलेली नव्याण्णव वाया गेली असं वाटतं. ती वाया जावीत म्हणूनच छापलेली असतात.

हा विचार एकदा डोक्यात बसला की मोबाइलवरची कुपनं उलगडतात. आता कागद नाही, कात्री नाही. दुकानाच्या ॲपला तुमचं नाव, तुमचा नंबर, तुम्ही गेल्या महिन्यात घेतलेलं दही, सगळं माहीत आहे. सूट आपोआप देणं त्याला सहज शक्य आहे. तरी प्रत्येक वस्तूखाली ‘क्लिप करा’ असं एक बटण असतं आणि ते दाबलं नाही तर पूर्ण किंमत लागते. कात्री गेली, पण कात्रीचा कंटाळा मुद्दाम शिल्लक ठेवला. यात एक वेगळाच अन्याय झाला: जुन्या चाळणीतून वेळ असलेली, पैसे कमी असलेली म्हातारी माणसं खाली पडत आणि स्वस्त माल घेत, नव्या चाळणीत स्मार्टफोन नसलेली तीच माणसं वर अडकली. सॅन डिएगो शहरानं यावर २०२५ मध्ये नियमच केला, की मोबाइलवरची सवलत दुकानांनी कागदी रूपातही ठेवली पाहिजे.

चाळणी लावली की तिची भोकं मोजणारे लोकही येतातच. अमेरिकेत ते इतके आले की २०१०-११ च्या सुमारास त्यांच्यावर टीव्हीवर मालिका चालली. कंपनीचं कुपन, त्यावर दुकानाचं कुपन, त्यावर ‘आज कुपन दुप्पट’ असा वार साधून ही मंडळी ओसंडून वाहणाऱ्या ट्रॉलीचं बिल काही डॉलरांवर आणत. गॅरेजमध्ये टूथपेस्टच्या भिंती. इतकी टूथपेस्ट कोणाच्या दातांना लागते, हा प्रश्न विचारायचा नाही.

काहींनी तर बारकोडच वाचायला शिकून घेतला. तो वाचायला अवघडही नव्हता. जुन्या कुपनाच्या बारकोडचा पहिला आकडा ५, म्हणजे ‘हे कुपन आहे’. पुढचे पाच आकडे कंपनीचे. मग तीन आकडे वस्तूच्या ‘कुटुंबाचे’, दोन सवलतीच्या रकमेचे, आणि शेवटचा पडताळणीचा. गोम त्या तीन आकड्यांत होती. कुटुंबाच्या आकड्याच्या शेवटी शून्य असलं की गल्ल्यावरचं यंत्र त्या गटातली कुठलीही वस्तू मान्य करी. दोन शून्यं असली की आणखी मोठा गट. मोठ्या पॅकवर दोन डॉलरची सूट असं कागदावर स्वच्छ लिहिलेलं असे, पण यंत्र अक्षरं वाचत नाही. लहान, दीड डॉलरचा पॅक दाखवला तरी ते खुशाल ‘ठीक’ म्हणून टिंग करी. पुढे कंपन्यांनी जास्त माहिती मावणारा वेगळा बारकोड आणला आणि ही पळवाट बुजवली. त्यानंतर घरच्या संगणकावर हुबेहूब कुपनं बनवणारे निघाले. व्हर्जिनिया बीच इथल्या एका बाईला २०२१ मध्ये यासाठी बारा वर्षांची शिक्षा झाली. कंपन्यांचं आणि दुकानांचं नुकसान तीन कोटी डॉलरच्या वर गेलं होतं.

कुपन ही झाली एकेका माणसाला चाळायची तऱ्हा. सेलचं गणित निराळं आहे, आणि त्यात माझ्या मते सगळ्यात गमतीची गोष्ट टर्कीची. अमेरिकेत नोव्हेंबरच्या चौथ्या गुरुवारी, थँक्सगिव्हिंगला, घरोघर टर्की शिजते. मागणी सगळ्यात जास्त त्या आठवड्यात. शाळेत शिकलेलं अर्थशास्त्र म्हणतं भाव चढला पाहिजे. तो नेमका त्याच आठवड्यात पडतो. शिकागोच्या डॉमिनिक्स या दुकानसाखळीची आकडेवारी घेऊन ज्युडिथ शेव्हलियर, अनिल कश्यप आणि पीटर रॉसी यांनी २००३ मध्ये ‘अमेरिकन इकॉनॉमिक रिव्ह्यू’मध्ये, ऐन मागणीच्या काळातच भाव पडतात, हे दाखवून दिलं. टर्कीच नाही, ख्रिस्ती उपासाच्या लेंट या काळात लोक मांस सोडून मासे खातात, तेव्हा डब्यातला टुना मासा स्वस्त होतो.

कारण असं, की दुकानात वस्तू हजारो आणि जाहिरातीत जागा दहा-वीस वस्तूंना. मग कुठल्या वस्तूचा भाव पाडून ओरडायचं? जी या आठवड्यात सगळ्यांच्याच यादीत आहे तिचा. टर्कीसाठी आलेला माणूस बटाटे, लोणी, मसाले, खीर करायचं सामान तिथूनच घेणार, आणि त्यांचे भाव त्यानं घरून पाठ करून आणलेले नसतात. म्हणजे टर्कीवर सोडलेले पैसे लोण्यावर वसूल.

हे वाचताना दिवाळीच्या आधीच्या आठवड्यातलं वर्तमानपत्र डोळ्यांपुढे आणा. सुपरमार्केटच्या पानभर जाहिरातीत साखर, मैदा, रवा, पातळ पोहे, तेलाचा डबा. फराळाला जे सगळ्यांना लागतं तेच, आणि भावही नेहमीपेक्षा खाली. वेलदोडे, चारोळी, केशर यांची नावंही त्या पानावर नसतात. जिचा भाव घरातल्या बाईला तोंडपाठ असतो ती साखर. वर्षातून एकदाच घ्यायच्या चारोळीचा भाव कोणाच्या लक्षात असतो? तेव्हा साखर जाहिरातवाल्याकडून आणि चारोळी मसाल्याच्या जुन्या दुकानातून, अशी दोन ठिकाणची खरेदी करणाऱ्या बायकांना टर्कीचं गणित न शिकवता येतं.

आता कुपनं बंद करून बघितलं तर काय होतं? हा प्रयोग एकानं खरोखर केला. दुकान किराण्याचं नव्हतं, कपड्यांचं आणि घरगुती वस्तूंचं होतं: जेसी पेनी, अमेरिकेतली जुनी आणि मोठी साखळी. २०१२ मध्ये तिचे नवे प्रमुख रॉन जॉन्सन यांनी जाहीर केलं, की आता कुपनं नाहीत, खोटे सेल नाहीत. आधी फुगवून मग उतरवायचा किमतीचा खेळ बंद. रोज सरळ आणि कमी किंमत. जॉन्सन ॲपलच्या दुकानांची घडी बसवून आलेले, म्हणजे नवखे नव्हेत. त्या वर्षी विक्री सुमारे एक चतुर्थांशानं घसरली. एप्रिल २०१३ मध्ये त्यांना जावं लागलं आणि कंपनीनं जाहिरात करून गिऱ्हाइकांची चक्क माफी मागितली. कुपनं परत आली.

वस्तू तीच, हातात पडणारी किंमतही साधारण तीच. मग लोक का गेले? कारण पन्नास डॉलरचा शर्ट पंचवीसला मिळाला की पंचवीस वाचले. पंचवीसचा शर्ट पंचवीसला मिळाला की नुसता शर्ट मिळाला. खोडलेला आकडा दिसला नाही तर स्वस्त म्हणजे कशापेक्षा स्वस्त, हे कळायला मार्गच नाही.

इथेच आपल्याकडचं नवल सुरू होतं. मुंबई-पुण्यात ‘रोज कमी किंमत’ याच तत्त्वावर उभी राहिलेली डी-मार्ट मात्र धो-धो चालली. राधाकिशन दमाणींनी पहिलं डी-मार्ट २००२ मध्ये पवईला उघडलं. त्याआधी त्यांनी नेरूळला अपना बाजारचं दुकान चालवून बघितलं होतं, त्या अपना बाजारचं, ज्याची सुरुवात १९४८ साली नायगावच्या कामगार वस्तीत झाली. डी-मार्टच्या स्वस्ताईची कारणं अर्थविषयक पानांवर वारंवार येतात: बहुतेक जागा स्वतःच्या, भाडं नाही, पुरवठादाराचे पैसे लवकर चुकते, म्हणून खरेदीचा भाव चांगला, भपका नाही. ती खरीच आहेत. पण जेसी पेनीत जे मेलं ते इथे कसं जगलं, याचं उत्तर मला पाकिटाच्या मागच्या बाजूला सापडतं. आपल्याकडे खोडायचा आकडा दुकानदाराला शोधावा लागत नाही. तो कायद्यानंच छापलेला असतो.

एमआरपी. १९९० च्या आधी पाकिटावर ‘स्थानिक कर वेगळे’ असं लिहिण्याची मुभा होती, आणि त्या ‘वेगळे’मध्ये दुकानदार मनाला येईल तेवढं घाली. म्हणून नियम बदलला: सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत छापायची, आणि तिच्यावर एक पैसाही घ्यायचा नाही. खाली किती यावं याला बंधन नाही. केली होती ती गिऱ्हाइकाच्या संरक्षणाची तरतूद. झालं असं, की देशातल्या बिस्किटाच्या प्रत्येक पुड्यावर कायमचं कुपन चिकटलं. कापायचं नाही, जपायचं नाही. छापील १२०, आमच्याकडे १०४. कोपऱ्यावरचा वाणीसुद्धा नेहमीच्या गिऱ्हाइकाला ‘एमआरपीला दोन रुपये कमी लावलेत हां’ असं सांगून तेच करतो. बिलाच्या तळाशी ‘आज तुमची बचत इतके रुपये’ हा आकडा बघून जो आनंद होतो तो अमेरिकेतल्या आजीला कात्री चालवून मिळतो.

फक्त एक गोष्ट विसरली जाते. ही कमाल किंमत सरकार ठरवत नाही, माल बनवणारा ठरवतो. प्रसिद्ध साबणाच्या वडीवर तो ती बेताची ठेवतो, कारण ती हजार दुकानांत छापील भावालाच जाणार असते. अनोळखी ब्रँडच्या सुक्यामेव्याच्या पाकिटावर मात्र ती वाटेल तेवढी असू शकते, आणि मग ‘५० टक्के सूट’ला फारसा अर्थ उरत नाही. बदामाची सूट बघू नये, बदामाचा किलोचा भाव बघावा.

तो बघणं आता सोपं झालं आहे. वेष्टित वस्तूंच्या नियमांत २०२१ मध्ये दुरुस्ती झाली आणि एकक किंमत छापणं आलं: किलोच्या आतल्या मालाला ग्रॅममागे, वरच्या मालाला किलोमागे, तसंच मिलिलिटर आणि लिटरचं. एमआरपीच्या आसपास बारीक अक्षरांत हा आकडा असतो. बिस्किटांच्या दहा रुपयांच्या पुड्याची किंमत वर्षानुवर्षं दहाच राहते आणि आतलं वजन मात्र झिजत जातं, ही जुनी युक्ती या आकड्यापुढे उघडी पडते.

त्रासाची चाळणी उलटी फिरवून दाखवणारं एक उदाहरण तर आपल्या मराठी माणसांनीच घालून दिलं. मुंबई ग्राहक पंचायत १९७५ मध्ये सुरू झाली. शेजारपाजारची कुटुंबं मिळून संघ करतात, महिन्याची यादी एकत्र नोंदवतात, पंचायत घाऊक खरेदी करते, आणि माल संघातल्या एका घरी येऊन पडतो. मग तिथेच बसून यादीप्रमाणे वाटून घ्यायचा. कष्ट आहेतच, दुकानात जाण्यापेक्षा जास्तच आहेत. पण ते कंपनीनं तुम्हाला गाळून काढण्यासाठी मुद्दाम घातलेले नाहीत. त्या कष्टांनी दुकानाचा खर्चच वाचतो.

राहिली शाम्पूची पुडी. कडलूरच्या सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये चिक शाम्पू काढला, तेव्हा मोठ्या ब्रँडशी टक्कर देण्यासाठी त्यांनी एक योजना आणली: कुठल्याही शाम्पूच्या पाच रिकाम्या पुड्या आणा, चिकची एक फुकट न्या. लोकांना सवय लागल्यावर अट बदलली: रिकाम्या पुड्या फक्त चिकच्याच. कचराच कुपन झाला, छपाईचा खर्च शून्य. तेव्हापासून या बाजारात एक उलटा प्रकार कायम आहे. घाऊक घेतलं की स्वस्त, हा नियम तेलाला, तांदळाला, साबणाला लागू. शाम्पूत मात्र बहुतेक वेळा बाटलीपेक्षा पुड्याच स्वस्त पडतात, मिलिलिटरमागे कितीतरी. न्हाणीघरात ओल्या हातांनी पुडी दातांनी फाडायची, अर्धी सांडायची, पुन्हा दुसरी फाडायची, हा वैताग ज्याला परवडतो त्याच्यासाठी कमी किंमत. बाटलीचं झाकण उघडायची सोय हवी असेल त्याच्यासाठी जास्त. नरसिंहन यांचा सिद्धान्त जणू दोरीला टांगून ठेवलाय.

तुलना करायला जाल तर मात्र बाटलीवर एकक किंमत सापडेल, पुडीवर नाही. दहा मिलिलिटर किंवा त्याहून कमी माल असलेल्या वेष्टनांना हे नियम लागूच होत नाहीत. तो भागाकार तेवढा वाण्याच्या दुकानापुढे उभं राहून स्वतःच करावा लागतो: दोन रुपये भागिले सहा मिलिलिटर, म्हणजे तेहतीस पैसे.